मनुष्यऋण आणि लसीची सुई

सन २०१७ च्या फेब्रुवारी महिन्यात गोवर व रुबेला या दोन रोगांवरील एकत्रित लस टोचण्याची मोहीम भारतात सुरू झाली. पहिल्या टप्प्यातील राज्यांत गोवा आणि कर्नाटक ही दोन्ही होती. त्यामुळे फोंड्यापासून बेळगावपर्यंत आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी त्या वेळी शाळेची चिठ्ठी आली असेल. नऊ महिन्यांपासून १५ वर्षांखालील प्रत्येक मुलाला, पूर्वी लस दिलेली असो वा नसो, ही लस टोचावयाची होती. बहुतेकांनी ती टोचून घेतली; काहींनी त्या दिवशी मुलाला घरीच ठेवले. या दुसऱ्या पालकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही, कारण त्यांच्या शंकेत एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे.

रुबेला हा मुलांचा बहुधा सौम्य आजार. थोडा ताप, अंगावर पुरळ, आणि तीन-चार दिवसांत मूल पुन्हा अंगणात. परंतु हाच रोग गरोदर स्त्रीला पहिल्या काही महिन्यांत झाला, तर गर्भातील बालकाच्या डोळ्यांवर, कानांवर, हृदयावर त्याचा घाला पडू शकतो. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रवैद्याने सन १९४१ मध्ये जन्मतः मोतीबिंदू असलेल्या अर्भकांच्या मातांची विचारपूस केली, तेव्हा कोठे ही गोष्ट उजेडात आली. गरोदरपणात ही लस देता येत नाही. म्हणजे त्या स्त्रीला ऐनवेळी स्वतःचे रक्षणही करता येत नाही. तात्पर्य, दहा वर्षांच्या मुलाला रुबेलाची लस टोचतात ती मुख्यतः त्याच्यासाठी नव्हे. शेजारच्या घरातील, अद्याप जन्मालाही न आलेल्या बालकासाठी. दान आपल्या वस्तूचे करावे. मुलाच्या दंडाचे दान करणारे आम्ही कोण?

दान म्हटले तर हा आक्षेप बिनतोड आहे. पण हे दान नव्हेच. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण सर्वांच्या परिचयाची आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला मनुष्यऋणही सांगितले आहे, आणि माणूस ही ऋणे घेऊनच जन्मास येतो असे तेथे मानले आहे. गोवराची लस राष्ट्रीय कार्यक्रमात सन १९८५ पासून आहे. त्यानंतर जन्मलेले प्रत्येक मूल लसीच्या वयाचे होईपर्यंत सुखरूप राहिले, त्यात भोवतालच्या टोचलेल्या दंडांचाही वाटा आहे. ऋण आधीच घेतलेले असते. बाप मुलाच्या वतीने फेडीस आरंभ करतो, इतकेच.

गोवराच्या एका रोग्यापासून, कोणालाच संरक्षण नसेल तर, १२ ते १८ जणांना लागण होते. म्हणून शंभरातील ९५ जण सुरक्षित असतील तरच साथ अडते. उरलेल्या पाच जागा कोवळ्या अर्भकांच्या, कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या. तेथे धडधाकट मूल बसविणे म्हणजे पालखीला हात न लावता भोयांबरोबर मिरवणे होय. यावर कोणी म्हणतात, टोचून काही झाले तर दोष आमचा, रोगाने झाले तर दैवाचा. गीतेने कर्माबरोबर अकर्माचाही विचार करावयास सांगितले आहे. मुलाला घरी ठेवणे हाही निर्णयच, आणि तो घेणाऱ्याचे नाव दैव नाही.

तथापि सक्तीच्या बाजूने आम्ही नाही. सन १८९७ च्या प्लेगात रोगी शोधणे आवश्यकच होते. परंतु पुण्यात सोजिरांकरवी ज्या रीतीने घरे झडली, तिच्यातून २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. सरकारी औषधाविषयीचा संशय असा दमदाटीने वाढतो. शाळेची चिठ्ठी संमती मागते, समजूत घालीत नाही. दंड सुजला, ताप आला तर कोणाकडे जावे, एवढे तरी तिच्यावर हवे.

समजूत घालण्याचे काम देवस्थानाच्या सभामंडपात उत्तम होईल. चैत्रातील हळदीकुंकवाला आया आणि आज्या जमतात, तेथे आरोग्य केंद्रातील डॉक्टरीणबाईंना अर्धा तास बोलू द्यावे आणि अवघड प्रश्नही विचारू द्यावेत. गोवर आलेल्या नातवाच्या उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवणाऱ्या आजीला मात्र कोणी हसू नये. डहाळा राहू द्यावा. त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांकडेही न्यावे, कारण गोवरात अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी देतात, आणि त्यांनी डोळे वाचतात, पुष्कळदा प्राणही.