आंघोळीला कोणी लागतं का?

आजाराचा धोका कोणाला आहे हे पाहायला आम्ही घरोघरी सीबॅक फॉर्म भरतो, त्यात साठीच्या पुढच्या माणसांसाठी चार जादा प्रश्न आहेत. तोल जातो का, हालचाल अडेल असं अपंगत्व आहे का, घरच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरायला होतो का, आणि एक असा: खाणं, उठणं, कपडे, आंघोळ, संडास यांना दुसऱ्याची मदत लागते का? मी हुपरी गावात आशा (आरोग्य कार्यकर्ती) म्हणून काम करते. तंबाखू, दारू, कमरेचा घेर हे उंबऱ्यावर उभ्या उभ्या उरकतं. गुण चारच्या वर गेले की माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. या मदतीच्या प्रश्नाशी मात्र मी अडते.

एका घरी आज्जी ठणकावतात, "मला कशाला कोण लागतंय?" आणि तेवढ्यात त्यांची सून बंबातलं पाणी बादलीनं न्हाणीत नेऊन ठेवत असते. पलीकडच्या घरी आज्जी सांगतात, "व्हय, पाठ चोळायला सूनच लागती." याच आज्जी दुपारभर सोप्यात बसून पैंजणाच्या कड्या जोडतात. फॉर्मच्या हिशेबानं पहिल्या आज्जी ठणठणीत आणि दुसऱ्या परावलंबी.

हा प्रश्न आला कुठून, हे मला एका प्रशिक्षणानंतर कळलं. अमेरिकेत क्लीव्हलँडला सिडनी कॅट्झ नावाचे डॉक्टर होते. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या रुग्णांवरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या सहा कामांची मोजपट्टी तयार केली. ती 1963 साली छापून आली. माणसाची कामं एका ठरावीक क्रमानं सुटतात, असं त्यांना दिसलं. आंघोळ आधी सुटते, स्वतःच्या हातानं जेवणं सगळ्यांत शेवटी. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये देशभर वृद्धांची मोठी पाहणी केली, तिच्यातही याच धाटणीचे प्रश्न होते. मोजपट्टी खोटी नाही. दवाखान्यातून घरी जाणाऱ्याच्या सोबत कोणी लागेल का, हे तिच्यावरून नेमकं कळतं. पण आमच्या न्हाणीत नळाला गरम पाणी येत नाही, हे तिला कसं कळावं?

मोजण्याची आणखी एक रीत मला घरातूनच ठाऊक आहे. आमच्या घरी जैन धर्म पाळतात. जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराज मूळचे आमच्याच बाजूचे, दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळच्या भोजचे. म्हातारपणी त्यांची नजर गेली. मुनींनी पाऊल टाकण्याआधी जमीन बघायची असते, किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. ते जमेना, तेव्हा त्यांनी कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवण्याचं व्रत, घेतली आणि 18 सप्टेंबर 1955 ला देह ठेवला. (सल्लेखना म्हणजे आत्महत्या का, हा वाद 2015 साली राजस्थानच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यात मी पडत नाही.) मला एवढंच दिसतं की महाराजांनीही शरीराला काय जमतं हेच मोजलं, कॅट्झसारखंच. फक्त त्यांचा प्रश्न "मला कोण लागतं?" असा नव्हता. माझ्यामुळं कोणाला इजा होते का, असा होता.

मुनींचं माप संसारी माणसाला लावता येत नाही. मग आज्जींना कोणतं लावायचं? तत्त्वार्थसूत्र या आमच्या धर्मग्रंथाच्या पाचव्या अध्यायात एकेका द्रव्याचं काम सांगितलंय. आकाशाचं काम जागा देणं. जीवांचं काम एकमेकांच्या उपयोगी पडणं. मला नवल वाटतं ते हे कुठं सांगितलंय त्याचं. पुण्याच्या यादीत नाही, व्रतांच्या यादीत नाही. जग कशाकशाचं बनलंय हे सांगताना ते ओघात येतं. तसं असेल तर मदत लागण्यात कमीपणा कसला आणि करण्यात थोरवी कसली? जीव एकटाच येतो, एकटाच जातो, हेही आमच्याच धर्मात सांगितलंय आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ते पटतंही. पण येणं आणि जाणं यांच्या मधली सत्तर-ऐंशी वर्षं कोणी एकटं काढलेली मी तरी पाहिली नाहीत.

तरी हे बोलताना मला जरा धास्ती वाटते. आजारी आणि थकलेल्या मुनींची सेवा, वैयावृत्त्य, हे आमच्याकडं आतल्या सहा तपांपैकी एक मानतात. प्रवचनात हे ऐकून पुरुषमंडळी माना डोलावतात आणि घरी येऊन हाक मारतात ती सुनेला. तप तिचं, पुण्याचा मान घराण्याचा! एकमेकांच्या उपयोगी पडायचं, तर ते दोन्हीकडून पडायला हवं. कड्या जोडणाऱ्या आज्जींच्या घरी ते थोडंफार होतं. त्यांच्या कामाचे पैसे सुनेच्याच हातात येतात. पहिल्या घरी सासूबाई मदत घेतात आणि नाहीही म्हणतात, म्हणजे सुनेचं काम हिशेबातच धरत नाहीत.

ती सून पंचेचाळिशीची आहे. फॉर्म तिशीपासून पुढं सगळ्यांचा भरायचा, त्यामुळं तिचाही माझ्याकडं आहे. पण साठीच्या आतल्यांना मदतीचं काही विचारायचं नसतं, आणि तुमची मदत कोणाला लागते हे तर कुणालाच नाही. आता सासूबाईंच्या रकान्यात मी त्या सांगतात तसं "नाही" लिहिते, आणि सुनेच्या फॉर्मच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवते: रोज दोन बादल्या गरम पाणी उचलते, कंबर दुखते, दाखवायला पाठवणे.