पालघट देवीची किंमत

बोरिवली पूर्वेला सासऱ्यांनी काढलेलं फ्रेमचं दुकान आता मी चालवते. स्वामी समर्थ, बालाजी, साईबाबा मढवून देते. शिवाय डहाणू लोकलने येणाऱ्या मुलांकडून वारली चित्रं घेते नि विकते. त्यात लग्नाचा चौक असला की गिऱ्हाइकं विचारतात, ‘ही त्यांची देवी ना? मग तिची किंमत कशी लावता?’ प्रश्न रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही.

वारल्यांच्या घरी लग्नाच्या वेळी हा चौक सवाशिणी काढतात, गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. मधोमध पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाण्यातून देवांना बोलावते, तेव्हा लग्न लागतं. पुढे ते चित्र भिंतीवरच विटून जातं, त्याला कुणी जपत बसत नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले. तिथे गंजाडचे जिव्या सोमा मशे हे पुरुष असून, घरात लग्न नसतानाही, रोज चित्रं काढत. १९७५ साली ती चित्रं मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतल्या गॅलरी केमोल्डच्या भिंतींवर लागली. गॅलरी केकू गांधींची. केकू मूळचे माझ्याच धंद्यातले. १९४१मध्ये त्यांनी फ्रेमच्या पट्ट्यांचा कारखाना काढला, प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानाच्या काचेत आरा, हुसेन या चित्रकारांची चित्रं लावली, आणि १९६३ साली गॅलरी उघडली. १९९२-९३च्या मुंबईतल्या दंगलींनंतर मोहल्ल्यांत शांततेसाठी झटलेल्या या पारशी माणसाने दुसऱ्याच्या देवीला नुसता माल समजलं असेल, असं मला वाटत नाही.

माझं मत असं. पेणचा मूर्तिकार गणपती विकतो, त्याला आपण देव विकणारा म्हणत नाही. प्राणप्रतिष्ठा घरी होते, तोवर ती शाडूची मूर्ती. तसंच, धवलेरीचं गाणं नाही तिथे पालघट आलेलीच नाही. माझ्या दुकानात आहे ते बोटांचं काम, आणि कामाचं मोल घ्यावंच. जंगल नि शेत हातचं गेलेल्या घरांना तर ते मिळायलाच हवं.

पण विक्रेत्याचं पाप वेगळीकडे असू शकतं. जिव्यांना नाव मिळालं, २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच होती. ज्या सवाशिणींच्या हातून हा चौक पिढ्यान् पिढ्या उतरला, त्यांची नावं मात्र कुठल्याच भिंतीवर लागली नाहीत. देवीसाठी चौक काढणाऱ्या त्याच होत्या, आणि विक्रीच्या हिशेबातून वगळल्या गेल्या त्याही त्याच.

म्हणून चौक घेताना मी विचारते, घरात हा कोण काढायचं? आजीचं नाव येतं, कधी मामीचं. ते मी फ्रेमच्या मागे हार्डबोर्डवर लिहिते. पैसे मात्र समोर उभ्या असलेल्या मुलाच्याच हाती जातात. त्या आजीचा वाटा कुणाच्या हाती द्यायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.