कोणाच्या मागे?

आमच्या यवतमाळकडे मृगाचा पाऊस लांबला की कपाशीची पेर लांबते, आणि पेर लांबली की शेतकरी म्हणतो, यंदाचे पीक मागास आहे. या म्हणण्यात पिकाची निंदा नसते. उशीर झाला, आणि तो पावसामुळे झाला, एवढाच त्याचा अर्थ. मागास पिकाला कोणी नालायक ठरवीत नाही. उलट त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागणार हे ओळखून घरधनी डवऱ्याचा एक फेर वाढवितो.

कचेरीतल्या कागदांवर 'बॅकवर्डनेस' हे इंग्रजी नाम आले आणि त्याच्यासमोर आपण 'मागासलेपण' हा शब्द ठेवला. शब्दाचे मूळ तेच राहिले; परंतु त्यातला उशीर गेला आणि त्याच्या जागी उणेपणा येऊन बसला. पिकाच्या बाबतीत जी वेळेची गोष्ट होती, ती माणसाच्या बाबतीत स्वभावाची गोष्ट झाली. भाववाचक नामांची ही एक खोडच आहे. 'अमका मागे राहिला' असे म्हटले, तर का राहिला, कोणी ठेवला, असे विचारता येते. 'अमक्याचे मागासलेपण' असे म्हटले की विचारावयाचे काही उरत नाही. क्रियापदाचे नाम झाले आणि त्या गडबडीत कर्ता हरवला!

या हरवलेल्या कर्त्याची आठवण मला एका कोलाम गृहस्थांनी करून दिली. मी तेव्हा शिक्षक होतो, आणि शिक्षकाच्या वाट्याला येणाऱ्या अनेक कामांपैकी एक म्हणून घरोघरच्या पाहणीचे तक्ते घेऊन एका पोडावर गेलो होतो. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. बहुधा मोठ्या गावापासून अलग. एका वृद्धांच्या अंगणात बसून मी रकाने भरीत होतो. शिक्षण, नाही. पक्के घर, नाही. वीज, नाही. त्यांनी लिहिलेले वाचून दाखवावयास सांगितले. मी वाचले, आणि वर मोठ्या उदारपणे सांगितले की, हे सारे तुमचे मागासलेपण दूर करण्यासाठीच आहे. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, आमी मांगं आहो, हे तुमी लिवलं. पन कोनाच्या मांगं, थे नाही लिवलं."

मला उत्तर सुचले नाही. ते गृहस्थ घरात कोलामी बोलत, बाजारात वऱ्हाडी आणि ओळखीच्या गोंडांशी गोंडी. मला मराठीखेरीज पुस्तकी इंग्रजी तेवढे येत होते. कोलामी ही द्राविड कुळातली भाषा. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. माझ्या तक्त्यात तिच्यासाठी जागा नव्हती. तिथे 'निरक्षर' एवढेच लिहावयाचे होते, आणि ते मी लिहिले होते. ते खोटे नव्हते. पण माप माझ्या हातात होते आणि ते माझ्याच अंगाचे बेतलेले होते, हे मला तोवर कधी जाणवले नव्हते.

सरकारी मापांचेही असेच होते. देशातल्या काही जमातींची 'आदिम' म्हणून वेगळी नोंद १९७५ पासून होऊ लागली. महाराष्ट्रातले कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड तीत आहेत. तिच्या निकषांपैकी एक होता, शेतीपूर्व काळातले तंत्रज्ञान. आणि आमच्या जिल्ह्यातला कोलाम तर कापूस, ज्वारी, तूर पिकवितो! २००६ मध्ये इंग्रजीतले 'प्रिमिटिव्ह' हे विशेषण काढून 'विशेष असुरक्षित' अशा अर्थाचे विशेषण घेण्यात आले. हा फरक मी क्षुल्लक मानीत नाही. 'आदिम' म्हटले की बोट माणसाकडे वळते. 'असुरक्षित' म्हटले की कशापासून, कोणापासून, हा प्रश्न निदान उभा तरी राहतो.

मग 'मागास' हा शब्दच टाकून द्यावा काय? काही सज्जन म्हणतात, "ते त्यांच्या जागी सुखी आहेत, त्यांना मागासलेले म्हणूच नका." हे ऐकावयास गोड लागते, पण डोंगर उतरून दवाखाना गाठावा लागणाऱ्या बाळंतिणीला या गोडव्याचा उपयोग नाही. उणीव नाकारणे हाही तिच्यातून अंग काढून घेण्याचा एक मार्ग असू शकतो. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा या शब्दाने कोणाची मान खाली घातली नाही. त्याने दार उघडले. कारण तिथे शब्दाच्या मागोमाग हुकूम होता. कोणी, कोणाला, काय द्यावयाचे, हे त्यात सांगितलेले होते. हरवलेला कर्ता तिथे जागेवर होता.

म्हणूनच आम्हां विदर्भातल्या लोकांच्या तोंडी बसलेला 'अनुशेष' हा रुक्ष शब्द मला नैतिकदृष्ट्या अधिक चोख वाटतो. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. राज्याची सरासरी काढावयाची, आणि जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याचे अंतर म्हणजे त्याचा अनुशेष, अशी ती रीत होती. या रीतीत दोष काढता येतील. सगळे सारखे होईपर्यंत सरासरीच्या खाली कोणी ना कोणी राहणारच. परंतु अनुशेष म्हणजे द्यावयाचे राहिलेले. हा हिशेबाच्या वहीतला शब्द आहे, आणि वहीला नेहमी दोन बाजू असतात. ज्याचे येणे बाकी आहे त्याने लाजण्याचे कारण नाही. लाज असलीच तर ती देणेकऱ्याची.

आणि देण्यालाही एक मर्यादा आहे. रस्ता, विहीर, शाळा, दवाखाना हे देणे आहे. समोरच्याने माझ्यासारखे व्हावे ही अट त्यात बसत नाही. उधार फेडणारा सावकाराला 'आता माझ्यासारखा राहा' असे सांगू लागला तर आपण हसू; इथे मात्र ते आपल्याला स्वाभाविक वाटते.

तो तक्ता मी त्या संध्याकाळी जसाच्या तसा कचेरीत नेऊन दिला. रकाने सगळे भरलेले होते, म्हणून कोणी काही विचारले नाही. त्या वृद्धांचा प्रश्न मी त्यात कुठेच लिहिला नव्हता. शेवटी 'शेरा' म्हणून एक जागा होती. ती मी कोरी सोडली होती.