वडील बंधूचे स्मरण कसे करावे

शास्त्रपाठ : मत्तय १४:१-२३, योहान १०:४०-४२



चुलत, मावस, आते, मामे हा भेद आपल्या घरांत केवळ नाते सांगण्यापुरता असतो. ज्या वडील भावाने आपणांस चांगली वाट दाखविली, त्याला आपण दादाच म्हणतो. असा दादा प्रभूकडे गेला म्हणजे घर ओस वाटू लागते. त्यातच भावकीतील लोक विचारतात, "तुम्ही पिंड देत नाही, तेरावे घालीत नाही, मग मेलेल्याची तुम्हांला आठवण ती कसली?" हे ऐकून पुष्कळ विश्वासी खाली मान घालतात, आणि कोणी तर कर्ज काढून जेवणावळ घालतात. अशा प्रसंगी आपल्या प्रभूने काय केले ते आपण पाहू.

बाप्तिस्मा करणारा योहान हा प्रभूचा नातलग. नाते नेमके कोणते हे लूक सांगत नाही. परंतु योहान सुमारे सहा महिन्यांनी वडील होता, हे त्याच्या वृत्तांतावरून कळते. त्यानेच यार्देन नदीत प्रभूचा बाप्तिस्मा केला. पुढे हेरोदाचे पाप त्याच्या तोंडावर सांगितल्यामुळे तो बंदीत पडला, आणि राजाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत त्याचा शिरच्छेद झाला. शिष्यांनी त्याचे प्रेत पुरले व येऊन येशूला सांगितले.

तेव्हा प्रभु तारवात बसून एकांती निघाला. मत्तय त्याच्या अश्रूंविषयी काही लिहीत नाही. तरी त्याला एकटे असावेसे वाटले, एवढे आपल्याला पुरे आहे. शोक करणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे.

परंतु तो उतरतो तो लोकसमुदाय पायी येऊन पोहोंचलेला! "आज आम्हांला सुतक आहे" असे त्याने म्हटले नाही. त्याला कळवळा आला. त्याने रोगी बरे केले, आणि पाच भाकरी व दोन मासे यांनी पाच हजार पुरुषांस, शिवाय बायकामुलांस, तृप्त केले. मग सर्वांस निरोप देऊन तो एकटाच डोंगरावर प्रार्थनेस गेला. दिवसा हुकलेला एकांत त्याला रात्री मिळाला.

पुढे एकदा तो यार्देनेपलीकडे, योहान पूर्वी बाप्तिस्मा करीत असे त्याच ठिकाणी, जाऊन राहिला. तेथील लोकांस योहानाची आठवण झाली. त्याने चमत्कार एकही केला नव्हता. परंतु येशूविषयी त्याने सांगितलेले सर्व खरे ठरले होते. आणि तेथे पुष्कळांनी विश्वास ठेविला. पेरणारा गेला होता, पण पीक उभे राहिले! उपदेशक बंधूंनो, आपल्या हातून मोठे काही झाले नाही म्हणून कष्टी होऊ नका. खरे सांगितलेला शब्द मागे राहतो.

रेव्हरंड टिळक १९१९ साली निवर्तले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. हेच खरे स्मरण. दादा ज्या ओट्यावर मुलांस अक्षरे शिकवीत, तो ओटा रिकामा ठेवू नका. ज्या आजाऱ्याची ते विचारपूस करीत, त्याच्या दारी तुम्ही जा. ज्या शेजाऱ्याशी समेट व्हावा म्हणून ते झटले, त्याच्याशी बोला. मग भावकीने विचारले तर मान खाली घालावी लागणार नाही. आमचे मृत ख्रिस्ताच्या हाती सुखरूप आहेत. त्यांस आमच्या पिंडाची गरज नाही. त्यांनी अर्धे टाकलेले काम मात्र आमची वाट पाहत आहे.

हे प्रभो, आमचे अश्रू तू जाणतोस. ते पुसून आम्हांला कामास लाव. आमेन.