230 चा आकडा

गणपतीच्या आदल्या दिवशी चिपळूणच्या त्या पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चाकरमानी गावी आलेले, बाहेर पावसाची झड, आणि आरतीला प्रत्येकीला केस सरळच हवे होते. मावशींच्या हाताखाली नवी लागलेली सुप्रिया भलतीच चपळ. स्ट्रेटनर तिने थेट 230 वर ठेवलेला. एका फटक्यात बट सरळ, गिऱ्हाईक खूश! मशीनवर आकडा आहे म्हणजे तो वापरायचाच, असं बऱ्याच जणींना वाटतं. गाडीच्या काट्यापुढे 180 लिहिलेलं असतं, म्हणून कुंभार्ली घाटात कुणी तेवढी हाणत नाही.

मुंबईच्या एका मुलीचे कमरेपर्यंतचे केस वरून कोरडे, पण मानेपाशी दमट होते. सुप्रियाने बट पट्ट्यांत धरताच चर्र झालं.

मावशी हातातलं काम टाकून आल्या. ओरडल्या नाहीत. झाडून गोळा केलेल्या केसांतली एक लांब बट त्यांनी उचलली, पाण्यात बुडवली आणि तिच्यावर सुप्रियालाच मशीन दाबायला लावलं.

"आता ओढ."

चार-पाच केस तटातट तुटले. उरलेले बोटांना काथ्यासारखे खरखरीत लागले.

"आतल्या पाण्याची वाफ झाली, की केसाला आतून फोड येतात," मावशी म्हणाल्या. "कातडीवरचा फोड भरतो, केसाचा भरत नाही. बाहेर आलेल्या केसात जीवच नसतो गं. महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. हिची टोकं पाच वर्षांची तरी असतील. तुला ती जाळायला एक मिनिट पुरेल."

मग सुप्रियाने केस ड्रायरने मुळापर्यंत वाळवले. उष्णतेपासून जपणारा स्प्रे मारला, कंगव्याने सगळीकडे पसरवला आणि तोही सुकू दिला. मशीन 160 वर आणलं. बोटभर रुंदीच्या बटा घेऊन, कुठेही न थांबता, एकेका बटेवरून एकदाच फिरवलं. वेळ दुप्पट लागला. ताटकळलेल्या दोघी शेजारच्या पार्लरमध्ये गेल्या. मावशींनी त्यांना थांबवलं नाही.

संध्याकाळी तीच मुलगी परत आली. केसांना पुन्हा लाटा! "जरा जास्त तापवून मार ना, ताई."

"कितीही तापवलं तरी हवेतली ओल लागली की केस मूळ वळणावर जाणार," सुप्रिया म्हणाली. "पाऊस आपल्या हातात आहे का? बस, छान सागरवेणी घालून देते."

मुलीने तोंड वाकडं केलं, पण बसली. वेणीचे पैसे स्ट्रेटनिंगच्या मानाने किरकोळच. मावशींनी ते वहीत लिहिले आणि दाराकडे पाहून म्हणाल्या, "सुप्रिया, ती बघ, चिंब भिजून आलीय. तिला तूच घे."