पातं मऊ राहिलं, तर दोष कोणाचा?

घरी घडवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या सुरीला पाणी दिलं आणि तरीही कानस तिला सहज खाऊ लागली, की ‘या पोलादाची जातच हलकी’ असा निकाल चटकन दिला जातो. दैव आणि प्रयत्न यांच्या जुन्या वादात एक बाजू नेमकं हेच म्हणत आली आहे. माझ्या मते असा निकाल देण्याचा अधिकार फार उशिरा मिळतो. ज्याला त्याच्या स्वभावाजोगी आच मिळालीच नाही, त्याच्या स्वभावाला दोष देता येत नाही.

आर्णीसारख्या शेतीच्या मुलखात विळा-कुऱ्हाडीसाठी ट्रकचा जुना कमानपाटा हे ओळखीचं पोलाद. ते लाल तापवायचं, सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोहचुंबक चिकटेनासा झाला की आणखी थोडं तापवून तेलात बुडवायचं. ते कडक होतं. हीच रीत ४४०सी या स्टेनलेसला लावली की फसते. त्यात कार्बन सुमारे १ टक्का आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं. कार्बनचा मोठा भाग क्रोमियमने बांधून ठेवलेला असतो आणि तो पुरेसा मोकळा व्हायला १०१० ते १०६५ अंशांची आच काही मिनिटं टिकावी लागते. चुंबकाने दिलेली खूण इथे अपुरी पडते. याच्या उलट, आच फार वाढली तर जास्तीचा कार्बन लोहात विरघळतो आणि थंड झाल्यावरही तापलेल्या अवस्थेतली मऊ रचना बरीच शिल्लक राहते. म्हणजे कमी आचेचं पातं मऊ आणि अति आचेचंही मऊ! उघड्या भट्टीत नुसत्या वरच्या थरातला कार्बन जळतो, तेव्हा आतलं पातं कडक असूनही कानस फसवते. लक्षण एक, कारणं तीन, आणि तिन्हींत पोलाद निर्दोष.

यावर ३०४ चा दाखला दिला जाईल. भांड्यांचं हे स्टेनलेस कितीही तापवून विझवलं तरी कडक होत नाही. तिथे स्वभावच जिंकतो. हे खरं आहे. पण तो स्वभाव आला कुठून? कमी कार्बन आणि सुमारे ८ टक्के निकेल हे कारखान्याच्या भट्टीत कुणीतरी ठरवून घातलं. आजचं दैव म्हणजे आधीचाच प्रयत्न, हा योगवासिष्ठाचा युक्तिवाद इथे अक्षरशः लागू पडतो. शिवाय ३०४ चं न बदलणं परीक्षेने सिद्ध झालेलं आहे, कुणाच्या अंदाजाने नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा विचारातून माणसांचीही जन्मजात प्रतवारी लावता येईल, आणि आपल्या समाजाने ती शतकानुशतकं लावलीच आहे. पण पोलादाचे घटक तपासून कळतात; माणसाच्या जन्मावरून त्याच्या कुवतीबद्दल काहीच कळत नाही. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांना मंद ठरवणं म्हणजे न तापवलेल्या पात्याला मऊ म्हणून फेकणं. तो अन्याय तर आहेच, शिवाय ती चुकीची परीक्षाही आहे.

म्हणून पातं भंगारात टाकण्याआधी पोलादाचा ग्रेड विचारा, भट्टीचं तापमान मोजा, वरचा थर घासून आतला भाग तपासा. आणि एखाद्या मुलाला ‘याच्यात मुळातच नाही’ असं म्हणण्याआधी, त्याला काय मिळालं नाही ते आधी शोधा.