सारांशावर एम.ए. होत नाही

तुमचे निबंध वाचले. परत देण्याआधी चार शब्द सुनावणार आहे, तेवढे निमूट ऐकून घ्या.

वोल्फगांग बोर्शर्टची ‘दास ब्रोट’ ही कथा तुम्हाला दिली होती. जेमतेम दोन-तीन पानांची, साधीसोपी जर्मन. त्यावर एम.ए.च्या वर्गाने काय लिहून आणलं? नवरा रात्री चोरून पाव खातो, बायको त्याला माफ करते, यातून प्रेमाचा संदेश मिळतो! निम्म्या वर्गाचं हेच उत्तर, शब्द फक्त इकडचे तिकडे. मशीनला विचारलंत, त्याने सांगितलं, तुम्ही उतरवून काढलंत. मूळ कथेशी ते ताडून पाहावं, एवढीही तसदी कोणी घेतली नाही.

आता कथेत काय आहे ते ऐका. रात्रीचे अडीच वाजलेत. स्वयंपाकघरात खुडबुड होते म्हणून बायको उठून जाते. टेबलावर बशी, शेजारी सुरी आणि टेबलक्लॉथवर पावाचे कण. झोपण्याआधी टेबलक्लॉथ स्वच्छ करायची तिची रोजची सवय, त्यामुळे तिला जे कळायचं ते कळतं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवरा खोटं बोलतो, कसला तरी आवाज आला म्हणून उठलो म्हणतो. आणि ती? बाहेरची पन्हळ वाजली असेल, असं म्हणून त्याच्या खोट्याला स्वतःच टेकू देते. बशीकडे नजर जाऊ नये म्हणून दिवा मालवते. मग अंथरुणात तो हळूच चावत असल्याचं तिला ऐकू येतं, तेव्हा झोप लागल्यासारखा संथ श्वास घेत राहते. दुसऱ्या दिवशी आपल्या वाटणीचा एक तुकडा त्याच्यापुढे सरकवते आणि हा पाव मला पचत नाही म्हणते. म्हणजे आता तीही खोटं बोलते. ‘माफ करते’ या दोन शब्दांत यातलं काय आलं?

त्या स्वयंपाकघरात दोघं तेच ते बोलत राहतात. आवाज, वारा, थंडी. खरं बोलायची सोय नाही, म्हणून तीच वाक्यं पुन्हा पुन्हा. सारांश करणारा पहिली कात्री चालवतो ती पुनरुक्तीवर, आणि ही अख्खी कथा पुनरुक्तीत आहे. जे गाळलं गेलं तेच वाचायला तुम्ही या विभागात आला आहात.

कथा 1946 सालची. युद्ध हरलेल्या जर्मनीत पाव रेशनवर मिळत होता. पोटभर जेवून उठलेल्या तुम्हाला ती भुरटी चोरी वाटली, कारण साल बघायचे कष्टही तुम्ही घेतले नाहीत.

वर कारणं तयारच! वेळ मिळत नाही म्हणे. बोर्शर्ट युद्ध, तुरुंग आणि आजारपण यांतून तावून निघाला आणि सव्विसाव्या वर्षी गेला. त्याचं नाटक रंगमंचावर आलं ते 21 नोव्हेंबर 1947 ला, तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. वेळेचं रडगाणं निदान त्याच्या कथेच्या तासाला तरी गाऊ नका.

दुसरं कारण, नोकरीपुरती भाषा आली की झालं. मग त्यासाठी इथे कशाला आलात? ए1 ते सी2 अशा सहा पायऱ्या आहेत, पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे. खुशाल तिकडे जा, परीक्षा द्या, चांगली नोकरी पटकवा. मला आनंदच होईल. पण एम.ए. ही त्या जिन्याची सातवी पायरी नाही. आणि भाषेचा तोरा मिरवावा अशी परिस्थिती तरी कुठे आहे? पदवी घेऊन आलात, तरी नामाबरोबर डेर, डी की दास हे अजून अंदाजपंचे ठोकता.

मराठीचीही बोंबच. ‘मराठी रंगभूमीवरचा ब्रेख्त’ यावर सेमिनार दिलात. पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ त्याच्या 1928 सालच्या नाटकावरून आलं, हे स्लाइडवर झोकात लिहिलंत. ‘यातलं एक तरी वाचलंय का?’ असं विचारलं, तर सगळे खाली मान घालून बसलात. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो असा.

सोमवारी प्रत्येकाने तीच कथा छापील आणायची. पुन्हा आलेलं प्रत्येक वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करायचं आणि समासात लिहायचं, की ते कोण बोललं आणि बोलताना काय लपवलं. अडलेली नामं वहीत लिंग आणि अनेकवचनासकट उतरवायची. त्या रात्रीच्या प्रसंगाचा मराठी अनुवाद स्वतःच्या हाताने करायचा. चुका झाल्या तरी चालतील. त्या तुमच्या असतील, तर मी बसून दुरुस्त करेन. उसन्या उत्तरावर मात्र यापुढे माझी लाल शाई खर्च होणार नाही. तो कागद न तपासता परत मिळेल आणि गुण शून्य.